आरसीची मुदत संपली तर धोका दंडापुरता नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

खासगी वाहनाच्या नोंदणीलाही मुदत असते, हे पुष्कळ सुशिक्षित वाहनमालकांच्या गावी नसते. विमा दरवर्षी भरावा लागतो, पीयूसी ठरावीक काळाने काढावी लागते, चालक परवान्यावर तारीख ठळक छापलेली असते. त्यामुळे या तिन्हींची आठवण राहते. नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आपले आरसी, मात्र गाडी घेतल्यावर एकदा हाती येते, प्लास्टिकच्या पाकिटात जाते आणि पुढची पंधरा वर्षे त्यावरील तारखेकडे कोणी पाहत नाही. २०१० आणि २०११ साली रस्त्यावर आलेल्या मोटारी व दुचाकी आता या मुदतीच्या टोकाशी पोहोचल्या आहेत किंवा ती ओलांडून पुढे गेल्या आहेत. त्यांतील कित्येक गाड्या उत्तम स्थितीत, विमा उतरवलेल्या आणि पीयूसी काढलेल्या असूनही कायद्याच्या दृष्टीने नोंदणी नसलेल्या ठरतात. सापडलोच तर दंड भरू, एवढाच याचा परिणाम आहे असा समज सर्वत्र दिसतो. तो महागात पडणारा असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन कोणी चालवू नये आणि मालकानेही ते कोणाला चालवू देऊ नये. कलम ४१ च्या सातव्या पोटकलमाने बिगर-परिवहन वाहनाच्या, म्हणजे घरगुती वापराच्या मोटारीच्या किंवा दुचाकीच्या, नोंदणी प्रमाणपत्राला १५ वर्षांची मुदत घातली आहे. पुढे त्याचे नूतनीकरण एका वेळी ५ वर्षांसाठी होते. या दोन तरतुदींना जोडणारा दुवा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५२ मध्ये आहे आणि तो मुळातून वाचण्यासारखा आहे. त्याच्या तिसऱ्या पोटनियमाचा आशय असा की, प्रमाणपत्रावर नोंदवलेली मुदत संपल्यानंतर असे वाहन अधिनियमाच्या प्रयोजनांसाठी वैधरीत्या नोंदलेले आहे असे मानले जाणार नाही, आणि नूतनीकरण होईपर्यंत ते कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी वापरता येणार नाही. म्हणजे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते वाहन आणि कधीच नोंदणी न केलेले वाहन यांत कायदा फरक करत नाही. पंधरा वर्षे इमानेइतबारे सर्व कर भरलेल्या माणसाला हे अन्यायाचे वाटेल, आणि काही अंशी ते आहेही; परंतु नियमाची भाषा इतकी स्पष्ट आहे की तिच्यातून पळवाट काढणे अवघड आहे.

भाड्याने चालणाऱ्या आणि माल वाहणाऱ्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे प्रश्न योग्यता प्रमाणपत्राचा, रोजच्या भाषेत फिटनेसचा, असतो. कलम ५६ म्हणते की वैध योग्यता प्रमाणपत्र नसलेले परिवहन वाहन कलम ३९ च्या दृष्टीने नोंदलेले मानले जाणार नाही. पहिल्या ८ वर्षांत हे प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते, त्यामुळे रिक्षा, टॅक्सी आणि ट्रकमालकांना या तारखांचे भान असते. चूक होते ती प्रामुख्याने घरगुती गाड्यांच्या बाबतीत, म्हणून पुढील विवेचन त्यांच्यापुरते ठेवतो.

आता शिक्षेविषयी. कलम १९२ नुसार नोंदणीविना वाहन वापरण्याच्या पहिल्या गुन्ह्याला किमान २,००० आणि कमाल ५,००० रुपये दंड आहे. दुसऱ्या वा त्यानंतरच्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कारावास, किंवा किमान ५,००० आणि कमाल १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कारणे नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. कलम २०७ खाली पोलीस अधिकारी किंवा परिवहन विभागाचा प्राधिकृत अधिकारी असे वाहन ताब्यात घेऊन अडकवून ठेवू शकतो, आणि व्यवहारात दंडापेक्षा हीच गोष्ट अधिक त्रासाची ठरते. गाडी सोडवण्यासाठी अर्ज करायचा, कागद दाखवायचे, आणि दाखवायचा मुख्य कागदच मुदतबाह्य झालेला असतो. मालक स्वतः गाडीत नव्हता, भाऊ किंवा मित्र चालवत होता, ही सबबही उपयोगाची नाही, कारण वाहन चालवू देणाऱ्या मालकालाही कलम ३९ चा प्रतिबंध लागू आहे. याच कलम १९२ मध्ये एक माणुसकीचा अपवाद आहे, तो फारसा कोणाला माहीत नाही. आजारी वा जखमी व्यक्तीला नेण्यासाठी, संकटग्रस्तांसाठी अन्न किंवा साहित्य पोहोचवण्यासाठी अथवा तशाच कामाकरिता औषधे नेण्यासाठी तातडीच्या प्रसंगी वाहन वापरले असेल, तर ही शिक्षा लागू होत नाही. मात्र तशा वापराची माहिती सात दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला द्यावी लागते. ही शेवटची अट विसरली की अपवादाचा आधार जातो.

दंडाचा आकडा ऐकून अनेक जण खांदे उडवतात. पाच हजार भरू, पुढे पाहू, अशी त्यांची भूमिका असते. खरा धोका विम्याच्या बाजूला आहे आणि तेथे आकडे लाखांत जातात. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१४ साली निकाली निघालेल्या एका प्रकरणात गाडीची तात्पुरती नोंदणी संपून सुमारे तीन आठवडे झाले होते आणि कायमची नोंदणी झालेली नव्हती. त्या अवस्थेत अपघात झाला. विमा चालू होता, हप्ता भरलेला होता. न्यायालयाने सांगितले की नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन वापरणे हा कलम १९२ खालील गुन्हा तर आहेच, शिवाय तो विमा कराराच्या अटींचा मूलभूत भंग आहे. म्हणून गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक राहिली नाही.

यापुढचे पाऊल ३० सप्टेंबर २०२१ च्या निकालाने टाकले, आणि सामान्य वाहनमालकाने तो निकाल नीट समजून घेतला पाहिजे. त्यात अपघात झालाच नव्हता. नव्या गाडीची तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ रोजी संपली, मालक कामानिमित्त जोधपूरला गेला, रात्री गाडी एका अतिथिगृहाबाहेर उभी केली आणि सकाळी ती चोरीला गेलेली आढळली. तारीख होती २८ जुलै. म्हणजे मुदत संपून जेमतेम नऊ दिवस झाले होते. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरील ग्राहक आयोगांनी मालकाच्या बाजूने कौल दिला होता, कारण चोरीचा आणि नोंदणीचा संबंध काय, हा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो कौल फिरवला. गाडी वैध नोंदणीशिवाय रस्त्याने चालवत तेथपर्यंत नेली होती, चोरीच्या दिवशी तिला वैध नोंदणी नव्हती, आणि नोंदणी हा विमा कराराच्या मुळाशी असलेला भाग आहे, असा त्याचा सारांश. सुमारे सहा लाख रुपयांच्या विमा संरक्षणाचा मालकाला काहीही उपयोग झाला नाही. मला व्यक्तिशः हा निकाल कठोर वाटतो. चोराने आरसीवरची तारीख पाहून गाडी निवडलेली नसते. पण माझ्या किंवा अन्य कोणाच्या वाटण्याने विमा कंपनीची भूमिका बदलणार नाही, आणि दावा नाकारणाऱ्या पत्रात ती याच निकालाकडे बोट दाखवील.

ही दोन्ही प्रकरणे तात्पुरत्या नोंदणीची आहेत, पंधरा वर्षांनी संपणाऱ्या नोंदणीची नाहीत, असा युक्तिवाद कोणी करू शकेल. एकदा कायम क्रमांक मिळालेली, ओळख पटण्याजोगी, सरकार दरबारी पूर्ण नोंद असलेली गाडी आणि कायम क्रमांकच न मिळालेली गाडी यांत फरक केला पाहिजे, असे म्हणायला जागा आहे, आणि योग्य प्रकरण न्यायालयापुढे आले तर हा मुद्दा मांडलाही जावा. तथापि नियम ५२ च्या तिसऱ्या पोटनियमात 'वैधरीत्या नोंदलेले मानले जाणार नाही' असे शब्द असताना त्या युक्तिवादाच्या भरवशावर गाडी रस्त्यावर काढणे शहाणपणाचे नाही. ग्राहक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा प्रवास वर्षानुवर्षे चालतो, हे वरील प्रकरणाच्या तारखांवरूनच कळते: चोरी २०११ ची आणि अंतिम निकाल २०२१ चा.

त्रयस्थ व्यक्तीच्या भरपाईचे गणित निराळे आहे. आपल्या गाडीमुळे पादचारी जखमी झाला किंवा दुर्दैवाने दगावला, तर त्याचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो. तेथे विमा कंपनीला घेता येण्याजोगे बचाव कायद्याने मर्यादित ठेवले आहेत, कारण गाडीमालकाच्या हलगर्जीपणाची शिक्षा जखमीला होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. परंतु यामुळे मालक सुटला असे समजू नये. कंपन्या अटीभंगाचा मुद्दा मांडतात, आणि न्यायाधिकरणाने कंपनीला आधी भरपाई देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा दिली, तर पगारदार माणसाचे आयुष्यभराचे साठवलेले त्यात जाऊ शकते. कमावत्या तरुणाच्या मृत्यूची भरपाई त्याचे वय, उत्पन्न आणि अवलंबितांची संख्या यांवर ठरते व ती सहज अनेक लाखांच्या घरात जाते.

विकलेल्या गाड्यांचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. जुनी दुचाकी ओळखीच्या माणसाला द्यायची, पैसे घ्यायचे, नमुना फॉर्मवर सह्या करून कागद त्याच्या स्वाधीन करायचे आणि नाव बदलण्याचे काम त्याच्यावर सोपवून मोकळे व्हायचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. नाव बदललेले नसेल तर कायद्याच्या लेखी मालक आपणच राहतो. नोंदणीकृत मालक तोच वाहनाचा मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. अशी गाडी पंधरा वर्षे ओलांडून तिसऱ्या-चौथ्या हातात फिरत असते, वापरणाऱ्याला नूतनीकरण करता येत नाही कारण आरसीवर नाव दुसऱ्याचे, आणि ज्याचे नाव आहे त्याला गाडी कोठे आहे हेही ठाऊक नसते. अपघात झाला की नोटीस मात्र जुन्या पत्त्यावर येते. त्यामुळे विकलेल्या गाडीचे हस्तांतर झाले की नाही, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

नूतनीकरण टाळण्यामागे एक गैरसमजही आहे. पंधरा वर्षांची गाडी झाली की ती भंगारात द्यावीच लागते, असे अनेकांनी ऐकलेले असते. वयाच्या आधारे गाड्यांवर बंधन घालणारे आदेश दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी आले, तेथील हवेच्या प्रदूषणामुळे आले, आणि त्यांत वेळोवेळी बदलही झाले आहेत. सरकारी मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत न करण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, तोही बातम्यांतून लोकांच्या कानांवर आला आणि घरच्या गाडीला लावला गेला. इतर ठिकाणच्या खासगी मोटारीला मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीत ती योग्य आढळल्यास पाच वर्षांची वाढ मिळते.

खर्च वाढला आहे हे मात्र खरे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांसाठी नूतनीकरणाचे शुल्क दुचाकीला १,००० रुपये आणि हलक्या मोटारीला ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते अनुक्रमे २,००० आणि १०,००० रुपये केले. अर्जाला उशीर झाला तर दर महिन्याला, किंवा महिन्याच्या भागालाही, दुचाकीस ३०० रुपये आणि अन्य बिगर-परिवहन वाहनास ५०० रुपये अधिक पडतात. दोन वर्षे दुर्लक्ष केलेल्या मोटारीवर केवळ विलंबाचे १२,००० रुपये चढतात, म्हणजे मूळ शुल्काच्या दुपटीहून अधिक. त्यात पर्यावरण कर वेगळा. पुष्कळ जुन्या दुचाकींची बाजारातली किंमतच इतकी उरलेली नसते, आणि मग मालक विचार करतो की चालते तोवर चालवू. विलंबशुल्काने लोकांना वेळेवर कार्यालयात आणावे ही अपेक्षा असते. एका मर्यादेनंतर ते उलट लोकांना कार्यालयापासून कायमचे दूर ठेवते. या शुल्काला कमाल मर्यादा असावी, असे मला ठामपणे वाटते.

माझा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. ज्या चुकीचे परिणाम इतके दूरवर जातात, ती चूक होण्याआधी सावध करणारी खात्रीची व्यवस्था नाही. प्रत्येक गाडीच्या नोंदणीची शेवटची तारीख 'वाहन' या केंद्रीय प्रणालीत आहे. मालकाचा मोबाइल क्रमांक तेथे जोडलेला असतो, कारण सिग्नल ओलांडल्याचे ई-चलन त्याच क्रमांकावर तत्परतेने येते. दंडाचा संदेश पोहोचवता येतो, तर नियमानुसार अर्ज करण्याचा काळ ज्या दिवशी सुरू होतो, म्हणजे मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी, त्या दिवशी एक आणि शेवटच्या आठवड्यात दुसरा संदेश प्रत्येक मालकाला गेलाच पाहिजे, असे बंधन विभागाने स्वतःवर घालून घ्यायला हरकत नसावी. जुन्या मालकांचे क्रमांक बदललेले असतील तर टपालाने एक पत्र जावे. तेवढा खर्च नूतनीकरणाच्या शुल्कातून सहज निघतो.

विमा कंपन्यांचीही यात जबाबदारी आहे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी मुदत संपलेल्या मोटारीचा विमा लागोपाठ नव्याने घेतला आणि त्यांना कोणीही नोंदणीची तारीख विचारली नाही. हप्ता घेताना जी बाब बिनमहत्त्वाची असते, तीच दावा आल्यावर कराराचा मूलभूत भंग ठरते, ही गोष्ट न्यायाला धरून नाही. पॉलिसी देण्यापूर्वी नोंदणीची वैधता तपासणे आणि ती तारीख पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापणे विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांवर बंधनकारक करावे. मुदत संपलेली असेल तर कंपनीने तसे लेखी कळवावे आणि त्यानंतरही हप्ता घेतला, तर पुढे त्या कारणाने दावा नाकारण्याचा अधिकार तिला राहू नये.

सवलतीच्या काळाचाही विचार व्हावा. चालक परवाना संपल्यानंतर पूर्वी ३० दिवस तो प्रभावी मानला जात असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती सोय काढून घेतली. करोनाच्या साथीत, १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेल्या परवाना, नोंदणी आणि योग्यता प्रमाणपत्रांची मुदत केंद्र सरकारने टप्प्याटप्प्याने ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत वैध धरली होती. म्हणजे तशी गरज पडल्यास कागदाच्या वैधतेत लवचीकता आणता येते, हे सिद्ध झालेले आहे. ज्या वाहनाचा अर्ज मुदतीच्या आत दाखल झाला, शुल्क भरले गेले आणि केवळ तपासणीची तारीख कार्यालयाकडून पुढची मिळाली, त्याला तपासणी होईपर्यंत वैध मानण्याची तरतूद नियम ५२ मध्येच जोडावी. आजच्या शब्दरचनेत आणखी एक विचित्र अडचण आहे: मुदत उलटल्यावर गाडी सार्वजनिक ठिकाणी वापरायची नाही, आणि नूतनीकरणासाठी ती तपासणीच्या जागी न्यायची. त्या पोटनियमात एवढ्या प्रवासापुरती सवलत दिलेली नाही. ओढून नेणाऱ्या वाहनावर लादून गाडी नेणे हाच मग सर्वांत सुरक्षित मार्ग उरतो, आणि दुचाकीच्या मालकाला त्याचा खर्च शुल्काहून जड जाऊ शकतो.

या सुधारणा होतील तेव्हा होतील. तोवर वाचकांना एवढेच सुचवतो की आरसीवरील 'नोंदणी वैध' या रकान्यातील तारीख आजच पाहावी. कागद हाताशी नसेल तर एमपरिवहन किंवा डिजिलॉकर या अॅपवर ती दिसते. तारीख दोन महिन्यांच्या आत असेल तर नमुना २५ मधील अर्ज लगेच करावा आणि त्याआधी विमा, पीयूसी, प्रलंबित ई-चलने व आरसीवर राहून गेलेला बँकेच्या कर्जाचा बोजा यांचा निकाल लावावा, कारण अर्ज अडतो तो बहुधा याच कारणांनी. तारीख उलटून गेली असेल, तर नवे आरसी हाती पडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. शुल्क भरल्याची पावती म्हणजे नोंदणी नव्हे, आणि अपघाताच्या दिवशी ती दाखवून दावा मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

परिवहन आयुक्त कार्यालयाने गेल्या वर्षभरात मुदत संपलेल्या आणि नूतनीकरण न झालेल्या खासगी वाहनांची संख्या जाहीर करावी, अशी विनंती आपल्या दैनिकाने पाठपुरावा करून केल्यास प्रश्नाचा खरा आवाका सर्वांपुढे येईल.

आपला,
एक वाहनमालक वाचक